धूर दिसतो, कार्बन दिसत नाही

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये, एक धातूचा डबा असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत हजारो आरपार बारीक छिद्रं असलेली सिरॅमिकची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड या लेपावरून जाताना कार्बन डायऑक्साइड बनतो. अर्धवट जळलेल्या पेट्रोलच्या वाफेचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा, निरुपद्रवी नायट्रोजन होतो. १९७० च्या दशकापासून हे डबे गाड्यांना बसू लागले आणि शहरातली हवा श्वास घेण्याजोगी ठेवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आणि पृथ्वीचं तापमान वाढतंय, त्या बाबतीत या डब्याचा उपयोग? जवळजवळ काही नाही. गाडीने जाळलेल्या पेट्रोलमधला बहुतेक सगळा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. डबा फक्त त्यातलं विष काढून घेतो.

हा डबा आधी सांगायचं कारण असं, की 'हरित', 'इको', 'पर्यावरणपूरक' हे शब्द आपण दोन वेगळ्या दुखण्यांसाठी एकत्रच वापरतो. एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून कुठलंही तंत्रज्ञान किंवा सवय चांगली म्हणून समोर आली, की मी आधी दोन प्रश्न विचारतो: याने धूर कमी होतो की कार्बन? आणि कितीने?

धुरामध्ये डोळ्यांना दिसणारा काळा धूर आला, तसेच न दिसणारे सूक्ष्मकणही आले. 'पीएम २.५' म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण फुप्फुसाच्या पार तळाशी पोहोचतात, काही रक्तातही उतरतात. घराबाहेरचं आणि घरातलं वायुप्रदूषण मिळून जगात दरवर्षी सुमारे ७० लाख अकाली मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या दुखण्यात एक दिलासा आहे: कण हवेत फार काळ टिकत नाहीत. काही दिवस, फार तर काही आठवडे. एक चांगला पाऊस त्यांना खाली आणतो. त्यामुळे धूर थांबवला की फरक लगेच जाणवतो, आणि जिथे थांबवला तिथेच जाणवतो.

कार्बन डायऑक्साइडचं सगळंच उलटं. त्याला रंग नाही, वास नाही, बाहेरच्या हवेत असतो तेवढ्या प्रमाणात तो श्वासाला अपायकारकही नाही. आपण सोडतो त्यातला साधारण निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. उरलेल्यातला मोठा भाग शेकडो वर्षं वातावरणात राहतो. तो जगात कुठेही सोडला तरी परिणाम सारखाच. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे २८० रेणू होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या माउना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर आहेत.

ही दोन दुखणी वेगळी धरली नाहीत तर काय होतं, याचं मोठं उदाहरण युरोपने घालून दिलं आहे. पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेल इंजिन तेवढ्याच अंतराला कमी इंधन पितं, म्हणून कार्बन कमी करण्याच्या हिशेबाने तिथल्या अनेक देशांनी करसवलती देऊन डिझेल गाड्यांना वाव दिला. कार्बनचा फायदा माफक झाला. पण डिझेलमधून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी जास्त निघते, ती शहरांच्या वाट्याला आली. २०१५ साली फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळीच उत्सर्जन कमी दाखवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत घातल्याचं उघड झालं, तेव्हा या धोरणाची दुसरी बाजू साऱ्या जगाला दिसली.

एका लिटरचं वजन

एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा आकडा ऐकून बहुतेकांना शंका येते, आणि यायलाच हवी. लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो. मग त्यातून सव्वादोन किलोपेक्षा जास्त वायू कसा निघेल?

जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. पाऊण किलो पेट्रोलमध्ये साधारण ६४० ग्रॅम कार्बन असतो. कार्बनचा अणू १२ वजनाचा धरला, तर जळताना त्याला १६-१६ वजनाचे ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि रेणू ४४ चा होतो. म्हणजे पावणेचार पटींच्या जवळ. ६४० ग्रॅमला ४४ ने गुणून १२ ने भागा, उत्तर २.३ किलोच्या आसपास येतं. डिझेलचा आकडा २.७ किलो आहे.

हे गणित एकदा पटलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. कोळसा, पेट्रोल, गॅस, यातला कार्बन जळल्यावर कुठेतरी जाणारच. कितीही उत्तम इंजिन, कितीही बारीक गाळणी लावली तरी. गाळणीने धूर अडतो. कार्बन अडवायचा तर मुळात जाळणंच कमी करावं लागतं. आणि जाळणं कमी केलं की धूर आपोआप कमी होतो. दोन दुखण्यांना एकच औषध लागू पडतं ते इथे. आज ज्याला हरित तंत्रज्ञान म्हणतात त्यातला मोठा भाग या एकाच कामात गुंतला आहे: जिथे ज्योत होती तिथे वीज आणायची, आणि ती वीज ज्योतीशिवाय तयार करायची.

'मग काय झालं, धूर गाडीतून वीज केंद्राच्या चिमणीत गेला' हा आक्षेप नेहमीचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली जेमतेम २० ते ३० टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटारीत बॅटरीतली ८० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त ऊर्जा चाकांना मिळते. पण ती वीज कोळशाची असेल तर निम्म्याहून जास्त उष्णता आधीच वीज केंद्रात वाया गेलेली असते. म्हणजे वाया जाण्याची जागा तेवढी बदलली.

आकड्यांत मांडू. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१४ च्या अहवालात वीजनिर्मितीच्या प्रकारांचा जन्मापासून मोडीपर्यंतचा हिशेब दिला होता. एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड असा: कोळसा सुमारे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, छतावरचं सौर पॅनेल ४१, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनचक्की ११. आता १०० किलोमीटरला १५ युनिट खाणारी विजेची कार घ्या. सगळी वीज कोळशाची असेल तर १२ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर पिणारी पेट्रोल कार १५ किलो सोडते. विजेच्या वहनातली गळती आणि बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन धरलं तर जवळपास बरोबरी. तीच वीज सौर असेल तर मात्र शंभर किलोमीटरला एक किलोसुद्धा भरत नाही. पेट्रोल कार पहिल्या दिवशी जशी असते तशीच शेवटपर्यंत राहते, किंबहुना बिघडतच जाते. विजेची कार मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते.

धुराच्या बाबतीत विजेची गाडी स्वच्छ आहे, पण पूर्ण स्वच्छ नाही. टायर झिजतातच, आणि बॅटरीमुळे गाडी जड असल्याने थोडे जास्तच झिजतात. ब्रेकची भुकटी मात्र कमी होते, कारण वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत वीज भरते आणि ब्रेकला काम कमी उरतं.

ऊन, वारा आणि रात्र

सौर पॅनेलमध्ये हलणारं काहीच नसतं. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. चकतीचे दोन थर मुद्दाम वेगवेगळी भेसळ करून बनवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या सीमेवर एक विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते सुट्या इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेला ढकलतं. तोच प्रवाह. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली असा पहिला उपयोगी सेल दाखवला तेव्हा उन्हातली सहा टक्के ऊर्जा विजेत येत होती. आज बाजारातलं पॅनेल २० टक्क्यांच्या वर देतं. सिलिकॉन वितळवायला भट्टी लागते आणि तिथे कार्बन खर्च होतो हे खरं. पण एक-दोन वर्षांत पॅनेल तेवढी ऊर्जा परत करतं आणि पुढे २५ वर्षं चालत राहतं. त्याच्या झपाट्याने पसरण्याचं खरं कारण मात्र विज्ञानापेक्षा कारखानदारीत आहे: २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळजवळ ९० टक्क्यांनी उतरली.

पवनचक्कीचं गणित थोडक्यात: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते, पात्याची लांबी दुप्पट केली तर चौपट. म्हणून चक्क्या उंच आणि अवाढव्य होत चालल्या आहेत.

खरी अडचण वेळेची आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी दिवे, पंखे, एसी सगळं एकदम लागतं आणि सूर्य नेमका तेव्हाच मावळतो. त्यासाठी लिथियम बॅटऱ्या आहेत, दिवसा पाणी वरच्या तलावात चढवून रात्री टर्बाइनवर सोडणारी केंद्रं आहेत. पण यात एक वाटा वापरणाऱ्याचाही आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वीज किती वापरली याइतकंच ती कधी वापरली याला महत्त्व येऊ लागलं आहे. जिथे दुपारी सौर वीज मुबलक असते तिथे वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गाडीचं चार्जिंग दुपारी केलं तर तेच युनिट बरंच स्वच्छ असतं. संध्याकाळी सात वाजता तेच काम कोळशाच्या किंवा गॅसच्या केंद्रावर पडतं. या सवयीला पैसे लागत नाहीत आणि काही सोडावंही लागत नाही.

उष्णता 'तयार' करू नका, उचलून आणा

मला सगळ्यात हुशार वाटणारं हरित तंत्रज्ञान दिसायला अगदीच सामान्य आहे. हीट पंप. त्याची जाहिरात सौर पॅनेलसारखी देखणी होत नाही, पण काम विलक्षण आहे.

साध्या गिझरमध्ये तापणारी तार असते. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. यापेक्षा जास्त देणं तारेला शक्यच नाही. हीट पंप उष्णता तयार करतच नाही, बाहेरच्या हवेतली उचलून पाण्यात आणून टाकतो. एक युनिट वीज फक्त हमालीला लागते, आणि त्या हमालीत तीन ते चार युनिट उष्णता इकडून तिकडे जाते.

थंड हवेत उष्णता कुठून येते, हा प्रश्न साहजिक आहे. नळ्यांमधून एक द्रव फिरवला जातो, तो अगदी कमी तापमानालाही उकळतो. बाहेरची हवा या द्रवाहून गरमच असते, त्यामुळे हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबली की ती खूप तापते. ती गरम वाफ पाण्याच्या टाकीभोवती फिरली की पाणी तापतं आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. फ्रिज हेच करतो: आतली उष्णता काढून मागच्या जाळीवर सोडतो. एसीही हेच करतो. म्हणजे हीट पंप बहुतेक घरांत आधीच चालू आहे, फक्त उलट्या दिशेने.

या यंत्रांची एक मेख आहे ती त्या फिरणाऱ्या द्रवात. एसीत कित्येक वर्षं वापरला गेलेला आर-४१०ए हा वायू, वजनास वजन धरलं तर, शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट उष्णता अडवतो. एसीत असा किलोभर वायू असेल आणि तो हवेत सुटला, तर परिणाम साधारण ९०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका. नव्या यंत्रांतला आर-३२ याच्या एक तृतीयांशावर आहे, आणि घरगुती फ्रिजमध्ये वापरला जाणारा आयसोब्युटेन तर जवळजवळ नगण्य. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात २०१६ साली रवांडातल्या किगाली इथे दुरुस्ती झाली ती हे जास्त तापवणारे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठीच.

त्यामुळे एसी असणाऱ्याला माझा पहिला सल्ला तापमानाच्या आकड्याबद्दल नसतो. 'गॅस संपलाय, भरावा लागेल' असं ऐकलं की सावध व्हा. हा वायू पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. नळ्यांचं वर्तुळ बंद असतं. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता दर उन्हाळ्यात वायू भरणं म्हणजे दरवर्षी तेवढा वायू आकाशात सोडणं. यंत्र काढताना किंवा बदलताना तो हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घ्यायचा असतो. हे काम करणाऱ्याला आधीच विचारून ठेवावं. तापमान दोन अंशांनी वर ठेवलं तरी वीज वाचतेच, दर अंशाला साधारण पाच-सहा टक्के. पंखा सोबत लावला की हे दोन अंश जाणवतही नाहीत.

चार्जरचा अपराधभाव

मोबाइलचा चार्जर प्लगमध्ये तसाच राहिला म्हणून कितीतरी सज्जन माणसं हळहळतात. आधुनिक चार्जर रिकामा असताना ०.१ वॅट किंवा त्याहूनही कमी वीज खातो. वर्षभर एकदाही न काढता तो तसाच ठेवला तरी एक युनिटही भरत नाही. आता २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला लागते ०.५८ युनिट. दोन गरम आंघोळींत चार्जरचं अख्खं वर्ष वसूल! चार्जर काढू नका असं नव्हे. पण त्याने काही केल्याचं समाधान मिळतं आणि गिझर तासभर चालूच राहतो, ही अडचण आहे.

घरातल्या विजेचा ढोबळ नियम असा: ज्यात उष्णता किंवा थंडावा तयार होतो ते मोठं, ज्यात काहीतरी जोरात फिरतं ते मधलं, ज्यात फक्त प्रकाश, आवाज किंवा माहिती आहे ते छोटं. गिझर, एसी, कपडे वाळवायचं यंत्र, इस्त्री हे पहिल्या गटात. वॉशिंग मशीनसुद्धा गरम पाण्यावर लावलं की पहिल्या गटात जातं, कारण धुण्यातली बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. थंड पाण्यावर लावलं की सरळ मधल्या गटात उतरतं. छोट्यांतला एक लबाड अपवाद म्हणजे टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. रिमोटने बंद केल्यावरही १० वॅट खाणारा बॉक्स वर्षाला ८७ युनिट खातो. चार्जरपेक्षा शंभरपट. बटण तिथे बंद करा.

पंख्याचं उदाहरण मला आवडतं कारण त्यात त्याग काहीच नाही. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा ३० ते ३५ वॅटमध्ये देतो. एलईडीचंही तेच: ६० वॅटच्या जुन्या बल्बचं काम ९ वॅटमध्ये. जुन्या बल्बमधली ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जायची. प्रकाश हे जवळजवळ उपउत्पादन होतं.

मात्र इथे एक जुनी खोच आहे. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की वाफेची इंजिनं कोळसा कमी खाऊ लागली तसा ब्रिटनचा कोळशाचा एकूण खप वाढलाच, कारण इंजिनं परवडू लागली आणि सगळीकडे बसली. एलईडी स्वस्त झाल्यावर इमारतींच्या भिंती, झाडं, पूल रात्रभर उजळू लागले ते याच न्यायाने. यंत्र काटकसरी झालं म्हणून वापर सैल सोडला तर वाचलेलं परत जातं.

जवळचं अंतर, लांबचं अंतर

पुन्हा त्या डब्याकडे जाऊ. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गाडी सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं तो थंड असतो आणि विषारी वायू जवळजवळ तसेच बाहेर पडतात. थंड इंजिन पेट्रोलही जास्त पितं. त्यामुळे एखाद्या किलोमीटरची फेरी, किलोमीटरच्या मापाने, सगळ्यात घाणेरडी. पायी किंवा सायकलने जाण्याचा फायदा कार्बनच्या हिशेबात लहान दिसेल, पण धुराच्या हिशेबात तो अंतराच्या मानाने मोठा आहे. आणि तो धूर आपल्याच गल्लीतला.

लांब पल्ल्याचं गणित उलटं. तिथे धूर आपल्याला दिसत नाही, कार्बन मात्र प्रचंड. दहा-बारा तासांचा विमानप्रवास, जाऊन-येऊन, माणशी साधारण दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइडचा असतो. इंधन आणि सिमेंट मिळून जगातल्या सरासरी माणसाचा वर्षाचा वाटा पावणेपाच टनांच्या जवळपास आहे, त्याच्याशी हे ताडून पाहा. वर्षभर कापडी पिशवी नेणाऱ्याने एक विमानफेरी टाळली, तर त्या फेरीसमोर पिशवी मोजण्यातही येत नाही.

पिशवीचंही सांगायला हवं. कापूस पिकवायला, कातायला, विणायला बरंच काही लागतं. कार्बनच्या हिशेबात एका सुती पिशवीने पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधायची तर ती शंभराहून जास्त वेळा वापरावी लागते. घरात असलेली पिशवी वर्षानुवर्षं वापरणारा जिंकला. प्रत्येक समारंभात नवी छापील कापडी पिशवी वाटणारा हरला. प्लॅस्टिकचा दोष वेगळा आहे, ते नद्या-समुद्रात साठतं. तो तिसरा हिशेब.

कचऱ्यात सर्वांत महत्त्वाचा ओला कचरा, आणि तो सगळ्यात दुर्लक्षित. पानं, साली, उरलंसुरलं अन्न कचरा डेपोच्या ढिगात दाबलं गेलं की तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही. अशा जागी वाढणारे जीवाणू त्यापासून मिथेन करतात. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो काही महिन्यांपूर्वी रोपाने हवेतूनच घेतलेला असतो. वातावरणात नवी भर पडत नाही. म्हणून खताचा ढीग अधूनमधून खालीवर करायचा. त्याला वास येऊ लागला तर हवा कमी पडते आहे असं समजावं. मिथेनची आणखी एक गोष्ट आशादायक आहे: तो हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो. आज कमी केला तर परिणाम आपल्याच हयातीत दिसेल.

याच मिथेनमुळे गाई-म्हशी, मेंढ्या, बकऱ्या असे रवंथ करणारे प्राणी हिशेबात येतात. त्यांच्या पोटातही तेच जीवाणूंचं काम चालतं. ताटातला बदल कुणी कितपत करावा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण जगात पिकणाऱ्या अन्नापैकी अंदाजे एक तृतीयांश कुणाच्या तोंडी लागतच नाही, ते वाचवायला आवडीनिवडी बदलाव्या लागत नाहीत.

कोरडा कचरा, पालापाचोळा, प्लॅस्टिक उघड्यावर पेटवणं हा मात्र दोन्ही बाजूंनी तोटा. कमी तापमानाला, अर्धवट हवेत जळणाऱ्या ढिगातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषं निघतात. चूल आणि शेगडीचंही असंच. जगात सुमारे २०० कोटी लोक अजून लाकूड, कोळसा, गोवऱ्या, रॉकेल यांवर स्वयंपाक करतात आणि धुराचा सगळ्यात जवळचा मारा त्यांच्यावर होतो. त्यांच्या घरात विजेची किंवा गॅसची शेगडी येणं हा कार्बनपेक्षा आधी फुप्फुसाचा प्रश्न आहे. तिथे 'गॅस हेही खनिज इंधनच' असा वाद घालणं मला क्रूर वाटतं.

जे सहज जमणार नाही

सगळं विजेवर नेता येत नाही. सिमेंट घ्या. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो; भट्टी सौर विजेवर चालवली तरी दगडातला कार्बन बाहेर येणारच. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग या दगडाचा. म्हणून राख, पोलादाच्या भट्टीतली मळी किंवा भाजलेली चिकणमाती मिसळून चुनखडीचं प्रमाण कमी करणं हा सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे. पोलादात लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोळसा लागतो, तिथे हायड्रोजन वापरता येतो.

हायड्रोजनबद्दल मात्र जरा हात राखून. पाणी विजेने फोडून एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट लागतात आणि त्या किलोत ऊर्जा ३३ युनिटांची. त्याची पुन्हा वीज केली तर आणखी निम्मी गेली. पोलाद, खत, जहाजं अशा ठिकाणी जिथे दुसरा इलाज नाही तिथे तो हवाच. घरगुती गाडीत किंवा शेगडीत तो घालणं म्हणजे चांगली वीज वाया घालवणं.

झाडांचंही प्रमाण लक्षात असावं. एक मोठं झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. म्हणजे नऊ-दहा लिटर पेट्रोलचा. महिन्याला टाकी भरणाऱ्याने रोपटं लावून फिट्टंफाट होत नाही. झाड सावली देतं, भिंत तापू देत नाही, रस्त्यावरची धूळ पानांवर धरतं. या कारणांसाठी जरूर लावा.

उरला खरेदीचा प्रश्न, आणि त्यात वस्तूंचे दोन प्रकार पडतात. मोबाइल, कपडे, फर्निचर यांचा बहुतेक कार्बन बनतानाच खर्च होतो. इथे नवीन 'इको' वस्तू घेण्यापेक्षा जुनी दोन वर्षं जास्त चालवणं कधीही फायद्याचं. अ‍ॅल्युमिनियमचा डबा मात्र भंगारात नक्की द्या, कारण खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत तो वितळवून परत वापरायला ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. गिझर, एसी, जुना फ्रिज, गाडी यांचा बहुतेक कार्बन वापरात जातो. ते बदलताना थोडं जास्त पाहून घेतलं तर फायदा दहा-पंधरा वर्षं मिळत राहतो.

पण गिझर सांगून बंद पडत नाही. तो थंडीच्या सकाळी बंद पडतो, संध्याकाळपर्यंत गरम पाणी हवं असतं, आणि दुकानात समोर असेल तोच तारेचा गिझर घरी येतो. हीट पंपाला टाकीची जागा लागते, हवा खेळती लागते, गळणारं पाणी वाहून न्यायला नळी लागते. विजेच्या शेगडीला आणि गाडीच्या चार्जरला जाड वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या एखाद्या कामासाठी घरी आलेला असतो तेव्हाच हे विचारून, जमलं तर वायर ओढून ठेवावी.